एकाच जातीच्या समुद्री माशाची शरीररचना प्रदेशानुसार बदलते का?
हो, आणि नुसता आकारच नाही, मणक्यांची संख्यासुद्धा! थंड पाण्यातल्या माशांना साधारणपणे जास्त मणके असतात. याला जॉर्डनचा नियम म्हणतात. ही संख्या भ्रूणावस्थेत ठरते, त्यामुळे तेव्हाचं पाण्याचं तापमान महत्त्वाचं. पण सगळं श्रेय तापमानाला देऊ नका. अटलांटिक सिल्व्हरसाइड या माशाची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची पिल्लं एकाच तापमानाला वाढवली तरी उत्तरेकडच्यांचे मणके सरासरीने जास्तच भरतात, म्हणजे आनुवंशिकताही आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हाइन्के यांनी १८९८ साली अशाच मोजमापांवरून हेरिंग या माशाचे प्रादेशिक गट वेगळे दाखवले. हे फार मोलाचं काम, कारण गट वेगळे असतील तर मासेमारीची मर्यादाही प्रत्येकासाठी वेगळी ठरवायला हवी. मात्र एकट्या माशावरून गट सांगता येत नाही. बरेच नमुने मोजून सरासरीच बघावी लागते.