१८ तासांचे ८ तास, पण कुणाचे?

आयुष्यभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं तेव्हा पोरं मागच्या बाकावर झोपायची, आता रिटायर झालो तर कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना लोक थांबवून आकडे विचारायलेत. मागं लिहिलं होतं की सरकारी दावा ऐकला की तो कुणी, कुठं, कधी मोजला ते विचारा. त्यावर आलेल्यातले चार प्रश्न घेतोय.

सर, दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो. आणि सरकारच्याच समितीनं तसं नाही म्हणून सांगितलंय म्हणे. कुणाचं खरं धरायचं? (शिरोळ)

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं वडनेरे समिती नेमली, तिचा अहवाल २०२० ला आला आणि त्या पुराला अलमट्टी कारण नाही असा तिचा निष्कर्ष होता. आता तेच राज्य अलमट्टीची पातळी ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर करायला विरोध करतंय, कारण काय तर पूर. मग लोक म्हणतात एकतर तेव्हा खोटं बोलले नाहीतर आत्ता. पण हे प्रश्नच दोन वेगळे आहेत हो. त्या साली, त्या पातळीला काय झालं हा एक, आणि पाणी अजून साडेचार मीटरच्या वर चढवून अडवलं तर काय होईल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही, आपल्या सोयीचं असलं तरी.

दुसरं म्हणजे पट्टी बघा. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, हे बंधाऱ्यावरच्या पट्टीचे फूट झाले, अलमट्टीचे मीटर मात्र समुद्रसपाटीपासूनचे. ४३ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ५४३ मीटर, म्हणजे अलमट्टीच्या आत्ताच्या पूर्ण पातळीच्या वीसेक मीटर वर. त्यामुळं धरणाचं पाणी तुंबत तुंबत थेट कोल्हापूर शहरात व्हिनस कॉर्नरला येतं, हे इतक्या सोप्या भाषेत टिकत नाही. पण तुमचं शिरोळ खाली, नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, तिथनं पुढं नदी संथ, आणि खालचं पाणी हललं नाही की वरचं थांबतं हे तुम्हाला मी काय सांगायचं. म्हणून मागायचं ते असं: पुराच्या आठवड्यातली अलमट्टीची रोजची पातळी, तिथनं किती क्युसेक सोडलं, आणि राजाराम, नृसिंहवाडी, राजापूर बंधारा इथली तासागणिक पातळी, सगळं एका कागदावर. असा फॉरवर्ड कुणाला आला तर मला पण पाठवा, मी अजून बघितलेला नाही.

शक्तिपीठ महामार्गानं नागपूर ते गोवा १८ तासांचा प्रवास ८ तासांवर येणार म्हणतात. आमची जमीन जाणार. आकडा कसा काढला विचारलं की विकासाला विरोध करता म्हणतात. (कागल तालुका)

जाहीर केलेले ८०२ किलोमीटर भागिले ८, म्हणजे ताशी शंभर. सरासरी! मधी जेवण, चहा, पोराला लघवीला थांबवणं काही धरलेलं नाही. बरं, गाडी पळाली तशी असं धरू, तरी ते दहा तास वाचणार नागपूरला बसून गोव्यात उतरणाऱ्याचे, कागलहून कोल्हापूरला दूध घालणाऱ्याचे नाहीत. तर असे नागपूर-गोवा जाणारे रोज किती, हा खरा प्रश्न. वाहनांची मोजणी कुठल्या महिन्यात आणि कुठल्या नाक्यावर केली, आत्ताच्या रस्त्यावरची किती वाहनं नव्या रस्त्याला वळतील असं धरलंय, आणि ते टोल द्यायला लागणार हे धरून का सोडून? टोलचं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही म्हणा. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात मोर्चे लई निघाले, पण रस्त्यांची खरी किंमत किती हा प्रश्न लोकांनी सोडला नाही आणि शेवटी मूल्यांकन करायला लागलं.

पर्यावरणाची जनसुनावणी लागली तर त्याआधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. तो आधी वाचा, तिथं तोंडी बोललात तरी लेखी पण द्या आणि पोच घेतल्याशिवाय मांडवातनं उठू नका.

पंचगंगा सुधारली म्हणून एका मीटिंगमध्ये पाण्याचा रिपोर्ट दाखवला, बीओडी मर्यादेत होता. विश्वास ठेवायचा का? (शुक्रवार पेठ)

तारीख बघितली का? बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. आंघोळीच्या पाण्याला तो लिटरमागं ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आणि ऑगस्टमध्ये नदी दुथडी भरून वाहताना घाण पातळ होते, आकडा आपोआप छान दिसतो. मे महिन्यात शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या जयंती नाल्याच्या खालच्या बाजूला बाटली भरा मग बोलू. त्याच जागेचा, त्याच महिन्याचा, चार-पाच वर्षांचा आकडा सलग मागा.

माहिती अधिकारात ‘हा निर्णय का घेतला’ असं विचारलं, उत्तर आलं की हे ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. (उचगाव)

‘का’ विचारू नका, कागद मागा. ज्या टिपणीवर सही झाली ती टिपणी, तिला जोडलेला सर्व्हे, त्याचा मूळ तक्ता. अर्ज दहा रुपयांचा, विषय एकच, शब्द दीडशेच्या आत, उत्तराला ३० दिवस. आणि झेरॉक्सच्या नादाला लागण्याआधी फाईल बघायला मागा, पहिल्या तासाला फी नाही. फोन चार्ज करून जावा.