तळहातांची खाज आणि अजिनोमोटोची धास्ती

प्रश्न : वय २७, पहिलटकरीण, ३१वा आठवडा चालू आहे. बाळंतपणासाठी कराडला माहेरी आले आहे. पाचव्या महिन्यापासून चायनीजचे डोहाळे लागले, आठवड्यातून दोन-तीनदा गाडीवरचा शेजवान राइस आणि मंचुरियन खाल्लं. आता रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरच्या तपासण्यांपैकी अल्कलाइन फॉस्फटेज २३६ आलंय, पुढे फुली छापली आहे. लिव्हरचाच दुसरा आकडा, एसजीपीटी, २८ म्हणजे नॉर्मल आहे. आई म्हणते, अजिनोमोटोने लिव्हर बिघडलं, बाळालाही बाधलं असणार. ती काविळीचं झाडपाल्याचं औषध मागवते आहे. काळजीने झोप लागत नाही. त्यात आठवडाभर रात्री तळहात-तळपाय फार खाजतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही जाता जाता लिहिलेलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पोट ताणलं जातं तेव्हा पोटावर खाज येतेच. पण अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजणं, रात्री ते वाढणं, आणि तेही शेवटच्या तिमाहीत, हे गरोदरपणातल्या पित्तरोधाचं लक्षण असू शकतं. यात यकृतातून पित्त नीट पुढे सरकत नाही आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. एसजीपीटी नॉर्मल असतानाही हा आजार असू शकतो. म्हणून उद्याच डॉक्टरांकडे जा, खाजेबद्दल सांगा आणि ‘बाइल ॲसिड’ची, म्हणजे या पित्ताम्लांची, रक्ततपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा. हा आकडा लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या वर गेला तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, मग प्रसूती लवकर करावी लागते. त्याहून कमी असेल तर नीट लक्ष ठेवल्यावर बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात आणि बाळंतपणानंतर आईची खाजही जाते.

फुली पडलेल्या आकड्याने मात्र घाबरू नका. अल्कलाइन फॉस्फटेज वारेतही (प्लॅसेंटात) तयार होतं, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत ते दुपटीने वाढलेलं दिसणं नेहमीचंच. लॅबने छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची असते.

आता अजिनोमोटो, म्हणजे ग्लुटामेटचं मीठ. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळं काढलेलं ग्लुटामेट टोमॅटोत असतं, आईच्या दुधातही असतं. खाल्लेल्यातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि वार ते बाळापर्यंत फारसं जाऊ देत नाही. उंदरांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रयोग आहेत, पण त्यांत दिलेली मात्रा मोठी असते, काही वेळा ती टोचूनही दिलेली असते. तरीही हवं तेवढं खा, असं मी म्हणणार नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये वरून घातलेल्या ग्लुटामेटसाठी वजनाच्या किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. ६० किलोच्या बाईला ती १.८ ग्रॅम पडते, आणि गाडीवरचा माणूस काही मोजून टाकत नाही. शिवाय मीठ आणि सॉस रक्तदाबाला नकोच.

गाडीवरच्या खाण्यात मला खरी भीती वाटते ती पाण्याची. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरतो. एरवी ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाली तर पाचात एक जीव जाऊ शकतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. तेव्हा जपून ठेवलेलं रक्त १९८० मध्ये तपासलं गेलं. त्या कामात पुण्याच्या विषाणू संस्थेचे संशोधकही होते. ही कावीळ ए किंवा बी प्रकारची नव्हती, हे त्यातून कळलं; पुढे तिलाच हिपॅटायटिस ई म्हणू लागले. म्हणून बाळंत होईपर्यंत गाडीवरचं पाणी, कच्ची चटणी, चिरून ठेवलेला कोबी बंद. मंचुरियन घरी करा, पाणी उकळून प्या.

आईंना माझा एक निरोप द्या. त्यांची काळजी मला कळते, पण काविळीचं औषध कृपा करून देऊ नका. कुठला पाला, किती, कशात वाटलाय हे आपल्याला माहीत नसतं, आणि अशा औषधांनी यकृत निकामी झालेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत.

रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा. त्या कमी वाटल्या, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, उजव्या बरगडीखाली कळ आली, उलट्या थांबेनात, डोकं फार दुखू लागलं किंवा दिसायला अंधुक झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा, मग मध्यरात्र असली तरी.