न्यूरोचे पेशंट बरे होत नाहीत, असं कुणी सांगितलं?

सांगोला तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी सोलापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरो आयसीयूत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या गंभीर रुग्णांच्या विभागात, तिला घ्यायला तयार आहेत आणि तिला तिथेच जायचं आहे. वडील लिहितात, "लकवा मारलेली, बेशुद्ध माणसं उलथीपालथी करण्यात पोरीची पाठ जाईल. ते पेशंट काही बरे होत नाहीत. त्यापेक्षा तिनं सरकारी नोकरीची तयारी करावी, नाहीतर जर्मनीला जावं. एजंट साडेचार लाख मागतोय. तुम्ही तिला दोन शब्द सांगा."

नमस्कार. दोन शब्द सांगतो, पण तिला नाही, तुम्हाला. मुलीची निवड चांगली आहे, तिला जाऊ द्या.

न्यूरो म्हणजे बेडपॅन आणि कूस बदलणं, असं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. ते काम आहेच, आणि ते हलकं नाही. पण या विभागात सिस्टरला जे करावं लागतं, त्यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला एक तरुण घ्या. रात्रीचे दोन वाजलेत. संध्याकाळपासून बडबडत होता, आता गप्प झालाय. शेजारी बसलेला भाऊ म्हणतो, "आत्ता कुठं डोळा लागलाय, झोपू द्या." सिस्टर झोपू देत नाही. हाक मारते. डोळे उघडत नाहीत, म्हणून खांद्याचा स्नायू दाबते, तेव्हा उघडतो. "कुठं आहात तुम्ही?" असं विचारते, तर उत्तरादाखल एखादाच असंबद्ध शब्द येतो. "माझा हात दाबा," तो दाबतो. मग टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या बघते.

या तपासणीला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती 1974 मध्ये मांडली. डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6, असे एकूण 15 गुण. सगळ्यात कमी 3. हा मुलगा दहा वाजता 14 वर होता, आता 11 वर आलाय. सिस्टर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन लावते आणि सीटी स्कॅनची धावपळ सुरू होते. कारण कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत रक्त साठलं किंवा सूज आली की मेंदूला सरकायला जागा नसते, आणि एका बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला आकसेनाशी झाली तर हातात फार वेळ उरलेला नसतो. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. दर तासाला हा आकडा घेणारी माणूस सिस्टरच असते.

लकव्याचंही तसंच. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. ते दिल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी बघायचं असतं, कारण बीपी चढलं तर मेंदूतच रक्तस्राव होऊ शकतो. आणि पाणी! नातेवाइकांना वाटतं, घसा कोरडा पडलाय, घोटभर पाजावं. सिस्टर आधी रुग्णाला बसवते, चमचाभर पाणी देते, ठसका लागतो का, आवाज ओला, घोगरा होतो का, हे कान देऊन ऐकते. तसं झालं तर तोंडाने काहीच द्यायचं नाही, कारण ते पाणी फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. लकव्यातून वाचलेली माणसं या न्यूमोनियाने दगावतात. एका चमच्याने टळणारी गोष्ट आहे ही.

आता तुमचं वाक्य: "पेशंट बरे होत नाहीत." काही होत नाहीत, हे खरं आहे. पण जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, ती तुम्ही वाचली असेल. पाय लुळे पडत, मग हात, आणि काहींचा श्वासही. हा आजार फार वाढला तर माणूस व्हेंटिलेटरवर असतो, बोट हलत नाही, पण शुद्ध पूर्ण असते. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं दुखतं. अशा रुग्णाशी सिस्टर पापण्यांवरून बोलते: एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. डोळे पूर्ण मिटत नसतील तर थेंब घालते, कूस बदलते, नळीतला कफ ओढून काढते, आणि हे करताना त्याला आधी सांगते. या आजाराचे बहुतेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा चालायला लागतात. चालत घरी जाणाऱ्या त्या माणसाच्या पाठीला बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही, यामागे किती रात्री जागल्या गेल्या, हे त्याच्या घरच्यांना कळतंच असं नाही. तुम्हाला कळावं, म्हणून एवढं लिहिलं.

पाठीची काळजी मात्र रास्त आहे. ती जपता येते. पेशंट एकटीने कधीही उचलायचा नाही, सरकवायला खालची चादर वापरायची, पलंग कमरेच्या उंचीला आणायचा. म्हणूनच नोकरी घेण्याआधी मुलीने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर हवी. एकीकडे तीन-चार व्हेंटिलेटर देत असतील, तर ती जागा कितीही नावाजलेली असो, नको म्हणा. सुरुवातीचा पगार खासगीत कमीच असतो, त्याची मनाची तयारी ठेवा.

सरकारी नोकरीची आणि न्यूरोची फारकत करू नका. एम्स या केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सभरतीसाठी असलेली नॉरसेट परीक्षा बी.एस्सी. झालेली, नर्सिंग परिषदेकडे नोंदणी असलेली मुलगी देऊ शकते. नागपूरचं एम्सही त्यात येतं आणि नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होतं. आयसीयूत काम करता करता तिने ही परीक्षा द्यावी. वर्ष-दोन वर्षं अनुभव झाला की भारतीय नर्सिंग परिषदेचा न्यूरोसायन्स नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. बंगळुरूची निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था न्यूरो नर्सिंगच्या शिक्षणासाठी पहिल्या रांगेत आहेत. पुढे एम.एस्सी. करायचं तर मेडिकल सर्जिकल नर्सिंगमध्ये न्यूरोचा विशेष विषय घेता येतो. डिप्लोमाची घाई नको, आधी हात बसू द्या.

जर्मनीला माझा विरोध नाही. तिथे नर्स हव्या आहेत आणि 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. पण तिथे पूर्ण नर्स म्हणून काम करायला साधारण बी-टू पातळीची, म्हणजे कामकाज नीट बोलता-लिहिता येईल एवढी जर्मन लागते, आणि पदवीला तिथली मान्यता घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत मदतनीस म्हणूनच राहावं लागतं. साडेचार लाख हा आकडा वाचून मी थबकलो. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्याच मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर बोलणं तिथेच थांबवा. पैसे दिले असतील तर पावती आणि बँकेची नोंद जपून ठेवा.

आता निकालाच्या वेळची कामं. निकाल लागला की लगेच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्या, त्याशिवाय कुठेच पुढे सरकता येत नाही. कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे शिकलेले विषय आणि गुण यांच्या दाखल्याच्या, तीन-चार प्रती तेव्हाच शिक्क्यासह काढून ठेवा, नंतर खेपा घालाव्या लागतात. आणि रुग्णालय रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असेल तर ती देऊ नका. साक्षांकित प्रती द्या, आणि बाँडवर सही करण्याआधी त्यातली मुदत आणि सोडताना भरायची रक्कम मुलीबरोबर बसून स्वतः वाचा.