वंशावळ की वंशावळी? आणि मत्तयाचा ‘झाला’

प्रश्न असा आला आहे: ‘मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या पूर्वजांच्या यादीला आमच्या बायबलात “वंशावळी” म्हटले आहे, वारसनोंदीच्या कागदावर “वंशावळ” लिहितात, मुलांच्या पुस्तकात “वंशवृक्ष” असतो. रविवारच्या शाळेत फळ्यावर काय लिहावे? आणि या नुसत्या नावांत आध्यात्मिक अर्थ शोधायचा तो नेमका कुठे?’

आधी रूप पाहू. वंशावळ आणि वंशावळी दोन्ही शुद्ध. ‘वंश’ अधिक ‘आवली’, म्हणजे रांग. दीपावलीची दिवाळी झाली, नामावलीची नामावळी, तशी वंशावलीची वंशावळी. शेवटची ई गळली की वंशावळ. गोंधळ होतो तो अनेकवचनात. ‘वंशावळ’ हे एकवचन धरले तर अनेकवचन ‘वंशावळी’, जसे ओळ–ओळी. ‘वंशावळी’ हेच एकवचन धरले तर अनेकवचन ‘वंशावळ्या’. म्हणजे ‘येशू ख्रिस्ताची वंशावळी’ ही एकच यादी, आणि ‘मत्तय व लूक यांच्या वंशावळी’ म्हणणाऱ्याने मूळ शब्द वंशावळ धरलेला असतो. एका मजकुरात एकच रूप पाळावे, एवढेच. वंशावळीत, वंशावळीचा असे प्रत्यय लागले की फरक उरतच नाही.

‘वंश’चा पहिला अर्थ वेळू. आपला घराचा वासाही याच शब्दातून आला; ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणताना वंश आपल्या तोंडी असतोच. कायद्याच्या कागदात भेटणारा ‘कुर्सीनामा’ मात्र अरबी-फारसी: कुर्सी म्हणजे आसन, एकामागून एक बसणाऱ्यांची यादी. ‘पिढी’चे नातेही बसायच्या पिढ्याशीच आहे.

वंशवृक्ष हा शब्द मत्तयासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वृक्षाला फांद्या लागतात. मत्तयाची यादी ही सरळ रांग आहे, ‘आवली’च आहे, भावांचा उल्लेख येतो तो ओझरता. वंशवृक्ष शोभतो बायबलातल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या पहिल्या ९ अध्यायांना, कारण तिथे यहूदाच्या, लेवीच्या, बन्यामिनाच्या शाखा-उपशाखा आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे जन्म देण्याच्या धातूपासून झालेला ‘तोलदोत’ हा हिब्रू शब्द ठरावीक मथळ्यासारखा ११ वेळा येतो, आणि पहिल्यांदा (२:४) येतो तो माणसासाठी नव्हे, आकाश आणि पृथ्वीसाठी. नोहाच्या तोलदोतखाली जलप्रलय येतो, याकोबाच्या तोलदोतखाली योसेफाची सगळी हकीकत. याला आपल्याकडचा जवळचा शब्द ‘करीना’. घराण्याचा मान आणि हक्क कसकसा चालत आला ते सांगणारा कागद म्हणजे करीना. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांचा करीना प्रसिद्धच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले वतनाचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना बायबलातल्या वंशावळी कंटाळवाण्या वाटत नाहीत, कारण अशा यादीत कोण आहे, कोण गळले आणि ठरलेला मजकूर कुठे मोडला, हे बघायची त्यांच्या नजरेला सवय असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच सवयीत आहे. अर्थ नावांच्या फोडीत शोधू नका, साचा मोडतो तिथे शोधा.

मत्तयाचा साचा मराठीत असा: अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला. ग्रीकमध्ये इथे कर्तरी क्रियापद आहे, अमक्याने तमक्याला जन्म दिला, आणि ते ३९ वेळा येते. मराठीची सहज रचना निराळी. ‘त्याला मुलगा झाला’ यात बाप करणारा नाही, त्याच्या पदरात पडलेले आहे. पुढची पिढी ही मिळालेली देणगी आहे, असे मराठी वाक्य न सांगता सांगून जाते. मुलांना हे वाक्य घरातले म्हणून लगेच कळेल. मग १६व्या वचनाशी थांबा. याकोबाला योसेफ झाला (हे दोघे उत्पत्तीतले नव्हेत, नावे तीच), इथवर चाल तीच. पुढे ‘योसेफाला येशू झाला’ असे यायला हवे, ते येत नाही. योसेफ हा मरीयेचा पती, आणि येशू जन्मला तो तिच्यापासून. ग्रीकमध्ये ४०व्या वेळी क्रियापद कर्मणी होते. ही यादी आपण झरझर वाचतो, नेमके ते वचन निसटते. वर्गात ही १६ वचने एका मुलाने संथ चालीत मोठ्याने वाचावीत आणि चाल मोडल्याबरोबर बाकीच्यांनी हात वर करावा.

दुसरी मोड बायकांच्या नावांपाशी. तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’, म्हणजे बथशेबा. मोडी कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ आणि बापाचे नाव येते, बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचे. (हा अरबी ‘बिन’ आणि हिब्रू ‘बेन’ सख्खी भावंडे, पुण्यात लाल देवळात, म्हणजे १८६७ च्या ओहेल दावीद सिनेगॉगमध्ये, जाणाऱ्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या नावातला ‘बेने’ हे त्याचेच अनेकवचन.) त्या पद्धतीने बथशेबेची नोंद ‘कोम दावीद’ अशी व्हायला हवी, कारण शलमोनाच्या जन्मावेळी ती दावीदाची राणी आहे. मत्तय तिचे नाव गाळतो आणि उरीयाचे लिहितो. दावीदाने ज्याला लढाईत पुढे धाडून मारवले, तो हित्ती शिपाई राजाच्याच वंशावळीत कायमचा नोंदला गेला. घराण्याचा वारसा म्हणजे फक्त अभिमानाच्या गोष्टी नव्हेत, हे इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते. रूथ तर मवाबी, म्हणजे परक्या मवाब देशाची, आणि मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये असे बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचे २३वे प्रकरण सांगते. रूथच्या पुस्तकाचा शेवट पेरेसापासून दावीदापर्यंतच्या १० नावांनी होतो; मत्तयाशी ताडून पाहायला ती वचने हाताशी ठेवा.

तिसरी मोड आकड्यांची. मत्तय १४, १४, १४ पिढ्या सांगतो. हिब्रू अक्षरांना अंकांची किंमत असते आणि दावीद नावाची बेरीज ४+६+४, म्हणजे १४. म्हणून ही रचना दावीदाच्या नावाभोवती बांधली, असे बरेच अभ्यासक मानतात. फळ्यावर तीन रकाने पाडून नावे भरायला घेतलीत की दोन ठिकाणी अडाल. पहिले, योराम आणि उज्जीया यांच्यामध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे नाहीत. पहिल्या इतिहासाच्या ३ऱ्या अध्यायात ते आहेत, पण तिथे उज्जीयाला अजऱ्या म्हटले आहे, त्यामुळे जुळवताना हमखास घोळ होतो. दुसरे, बाबेलच्या बंदिवासानंतरच्या रकान्यात शल्तीएलापासून येशूपर्यंत १३च नावे भरतात. आधीच्या रकान्यातला शेवटचा यखन्या पुन्हा मोजला तर १४. इथे मुलांना ‘छपाईची चूक’ म्हणून सांगू नका. हिब्रूत ‘बेन’ म्हणजे मुलगा, नातू, वंशजही. पहिल्याच वचनात अब्राहामाचा पुत्र दावीद येतो, आणि त्या दोघांमध्ये १२ नावे आहेत. म्हणूनच या याद्यांवरून जगाचे वय काढायला बसू नये.

लूकाच्या ३ऱ्या अध्यायातली यादी उलटी चालते, येशूपासून मागे. तिथे ग्रीकमध्ये प्रत्येक पायरीला क्रियापद नाहीच, नुसती षष्ठी: योसेफाचा, एलीचा, मत्ताथाचा. मत्तयाची यादी ‘ला’ची, लूकाची ‘चा’ची, असे सांगितले की मराठी मूल दोन्ही विसरत नाही. लूक दावीदाकडून शलमोनाकडे न जाता नाथानाकडे जातो आणि अब्राहामापाशी न थांबता आदामापर्यंत, तिथून ‘देवाचा’ इथवर पोचतो. योसेफाचा बाप एकात याकोब, दुसऱ्यात एली. लूकाची यादी मरीयेच्या माहेरची, हा खुलासा लोकप्रिय आहे, पण मजकुरात नाव योसेफाचे आहे. मूल नसताना वारलेल्या भावाच्या नावाने वंश चालवायची जी चाल होती, तिच्यावरून दिलेला जुना खुलासा तिसऱ्या शतकातल्या जूलियस आफ्रिकानुस या ख्रिस्ती लेखकाचा.

आता वारसा. वारस, वारसा आणि मिरास हे एकाच अरबी धातूचे. मराठी बायबलाने मात्र या जागी आपल्या मातीत मुरलेला ‘वतन’ घेतला: सौम्य ते पृथ्वीचे वतन भोगतील. वतन म्हटले की वंशावळ सिद्ध करणे आलेच, आणि एज्राच्या २ऱ्या अध्यायात अगदी तोच प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपली नोंद सापडली नाही, म्हणून त्यांना याजकपणातून वगळले. त्यांतल्या एका घराण्याच्या मूळ पुरुषाने बर्जिल्ल्याची मुलगी करून सासरचे नाव लावले होते. कागद हरवला की हक्क गेला, ही बाजू बायबल लपवत नाही. आणि दुसरी बाजूही देते. ‘गणना’ या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या ५ मुली बापाचे वतन मागतात आणि ते त्यांना मिळते. इब्री लोकांस पत्राच्या ७व्या अध्यायात मलकीसदेकाला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, तरी तो याजक. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात दत्तकपणा आणि वारस हे दोन्ही शब्द विश्वासणाऱ्यांसाठी वापरतो. हे शब्द अर्जातले आणि निवाड्यातले आहेत. ते गुळगुळीत करून ‘देवाची लाडकी लेकरे’ असे सांगितले तर हक्काचा अर्थ निसटतो.

आपल्या परंपरेत वंश दोन प्रकारचा: जन्माने आणि विद्येने. बृहदारण्यक उपनिषदात गुरुपरंपरेच्या यादीचे नावच वंश, आणि ६व्या अध्यायाच्या शेवटच्या यादीत गुरूंची नावे आईवरून लावली आहेत. ज्ञानेश्वर आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सांगतात. निवृत्ती थोरले भाऊ, पण यादीत येतात ते गुरू म्हणून. ‘अंतहीन वंशावळ्यांच्या मागे लागू नका’ असे आपला शिष्य तीमथ्य याला पत्रातून बजावणारा पौल दोनच वचने आधी त्याला विश्वासातले खरे लेकरू म्हणतो, आणि दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. जन्माचा वंश आजी-आईकडून, विद्येचा पौलाकडून, दोन्ही एकाच माणसात.

मुलांकडून घरची वंशावळ करून घेणार असाल तर तिला खुशाल वंशवृक्ष म्हणा, कारण तिथे फांद्या असतील. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून तारीख आणि आईबापांची नावे घ्या. मुलींची नावे, त्यांचे सासरचे आडनाव आणि लहानपणी गेलेली भावंडे गाळू देऊ नका; घरच्या यादीत सर्वांत जास्त गळती तिथेच होते. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत, तेव्हा ही सवय पुढे कागदोपत्रीही उपयोगी पडेल. दत्तक असेल तिथे, घरच्यांची हरकत नसेल तर, ‘दत्तक’ असे लिहावे. फळ्यावर मत्तयासाठी शीर्षक ‘येशू ख्रिस्ताची वंशावळी’ ठेवा, मुलांच्या हातातल्या पुस्तकाशी ते जुळेल. लूकही शेजारी घेतलात तर ‘दोन वंशावळ्या’.