गावातल्या फौजीला 'शौर्यचक्र' मिळालं, पण पारावर लोक त्याला परमवीर चक्राच्या खालचं म्हणतात. खरं काय?

मानाच्या क्रमात शौर्यचक्र परमवीर चक्राच्या खालीच येतं, पण पारावरच्या मंडळींची तुलनाच चुकतेय. ह्या दोन वेगळ्या मालिका आहेत. शत्रूसमोर लढताना दाखवलेल्या पराक्रमासाठी परमवीर, महावीर आणि वीरचक्र. शत्रूसमोरच्या लढाईखेरीज इतर शौर्यासाठी अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र. अतिरेक्यांशी झालेल्या चकमकी बहुतेक इथेच मोडतात. म्हणजे शौर्यचक्राची बरोबरी लावायचीच तर वीरचक्राशी लावा. आणि हो, सेना मेडल शौर्यासाठी असतं तसं कर्तव्यनिष्ठेसाठीही असतं, त्यामुळे सत्काराचा बोर्ड रंगवण्याआधी नीट विचारून घ्या.

परमवीर चक्र आजवर फक्त 21 जणांना मिळालंय, त्यातल्या 14 जणांना मरणोत्तर. आपल्या विदर्भाशी धागा हवा असेल तर नागपूरजवळच्या कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. त्याच रेजिमेंटच्या 14 व्या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का. 3 डिसेंबर 1971 ला आगरतळ्याजवळ गंगासागरच्या लढाईत जखमी असूनही त्यांनी संगिनीनं एक मशीनगन बंद पाडली. पुढे एका पक्क्या इमारतीतून दुसरी मशीनगन आग ओकत होती. एक्का ग्रेनेड घेऊन सरपटत गेले, भिंत चढून आत शिरले, तिथला मारा थांबवला आणि तिथेच शहीद झाले. 1971 च्या त्या भारत-पाक युद्धात पूर्व आघाडीवरचं परमवीर चक्र हे एकच.

तुमच्या फौजीला नेमकं काय घडलं ते विचारा. आमच्याकडचे बरेच जवान आपणहून काही सांगत नाहीत, सुट्टीत आले की थेट कपाशीच्या वावरात.