सगळी बदकं काळीच का दिसतात?

प्रश्न : डिसेंबरात मुंबईहून भिगवणला गेलो. उजनी धरणाच्या पाण्यावर बदकांचे थवे होते, पण दुर्बिणीतून सगळी काळीच दिसली. त्यात वेगळं काही ओळखायचं कसं? – एक वाचक, दादर

उत्तर : दोष दुर्बिणीचा नसावा, उभं राहायची जागा चुकली असेल. सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहायचं, दुपारनंतर उलट. थवा शोधायला ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. ओळख पटवायला मात्र तिवईवरचा २०–६० पटींचा स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, लागतो. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. तेव्हा पट वाढवले तर चित्र आणखी धूसर होतं. २०–३० पटींवरच थांबा.

रंगापेक्षा आकार पाहा, कारण हिवाळ्याच्या सुरुवातीला बरेच नर मादीसारखेच तपकिरी असतात. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट, तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार. पट्टकादंब हा हंस तर सोपाच: पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. वारकऱ्यांचा (काळ्या अंगाचे, पांढऱ्या चोचीचे पाणपक्षी) मोठा थवा दिसला की ‘हे नेहमीचेच’ म्हणून पुढे जाऊ नका. एका टोकापासून एकेक पक्षी तपासा. वेगळं बदक अशाच गर्दीत सापडतं.

आणि नावाड्याला थव्यात नाव घालायला कधीही सांगू नका. लांबून आलेल्या पक्ष्यांची ताकद अशा उडण्यात फुकट जाते.