बेटावर एका खोलीचं संग्रहालय: खाऱ्या हवेत वस्तू कशा टिकवायच्या?

घारापुरी (एलिफंटा) बेटावर एका खोलीत गावाच्या जुन्या वस्तू मांडायच्या आहेत, त्या खाऱ्या हवेत टिकतील का, असं तुम्ही विचारलंय. टिकतील. पण कपाटांआधी नोंदवही घ्या. वल्हं कुणाचं, कुठल्या होडीवरचं, कुठल्या लाकडाचं, हे आज लिहिलं नाही तर उद्या ते नुसतं लाकूड उरतं. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर, बेटावरच्या या तिन्ही वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. देणाऱ्याची सही असलेलं दानपत्र हवंच. 'ठेवायला दिलंय' या तोंडी बोलीवरून पुढे भांडणं होतात.

सगळ्यात जास्त छळतं ते लोखंड. समुद्रातून काढलेला नांगर घासूनपुसून रंगवला, तरी पावसाळ्यात त्यावर पिवळसर थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटतात. आत मुरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून. असा नांगर सुकू देऊ नका. प्लास्टिकच्या टाकीत लिटरला २० ग्रॅम कॉस्टिक सोडा या प्रमाणात पाणी करून त्यात पूर्ण बुडवा आणि झाकण ठेवा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवाच आणि ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. लाकडी दांडा किंवा शिसं, जस्त असलेली वस्तू यात घालू नका. पाणी बदलत राहा. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यातलं थोडं पाणी नायट्रिक ॲसिडने आम्लधर्मी करून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. दुधाळ झालं तर मीठ अजून निघतंय. मोठ्या नांगराला महिनोन्‌महिने लागतात. घाई केली की सगळं वाया. मग गोड्या पाण्यात धुऊन लगेच सुकवा, गंज रोखणारं टॅनिक ॲसिड लावा आणि वरून मेण.

बेटावर केबलची वीज २०१८ साली आली, म्हणून एसीचा मोह होईल. दिवसा चालू, रात्री बंद असा एसी नसलेलाच बरा. तो बंद पडला की दमट हवा गार वस्तूंवर दव धरते. आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी आलीच. कागद आणि फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नको.

शेतात नाणी सापडली तर ती थेट खोलीत आणू नका. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला, तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. मूर्तीचा तुकडा दिसला तर जागेवरच राहू द्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.